बाईजाच्या शेताचा डंपर

मी एसटीत कंडक्टर होतो. कल्याण, मुरबाड, माळशेज ह्या एकाच रस्त्यावर उभं आयुष्य काढलं. त्यामुळे आवाजावरून गाडीचं काय दुखतंय ते मला कळतं, असा माझा समज होता. नवशाच्या डंपरने तो पार धुळीला मिळवला. तरीही त्या डंपरबद्दल मी आज छाती फुगवूनच लिहिणार आहे.

नवशा माझा शेजारी. टोकावड्याहून आत आमचा पाडा आहे, अंगणातून सिद्धगड दिसतो. नवशाच्या घरची जमीन म्हणजे खडकाळ माळ. त्यावर नाचणी आणि वरी यायची, तीही रुसून. भात खायचा तर दुसऱ्याच्या शेतावर राबायचं. त्याची आई बाईजा पोरवयापासून लोकांच्या आवणीला जायची. भाताची रोपं लावण्यात तिचा हात असा चाले की बाकीच्या बाया मागे पडत आणि वर तिलाच शिव्या देत.

आमच्याकडे आवणीची एक रीत आहे. पहिली मूठ मालकिणीची. शेताच्या मालकिणीने वाकून पहिली रोपं लावल्याशिवाय कोणी मजूर बाई चिखलात हात घालत नाही. मालकीण कधी चहा पिऊन येते, कधी कोणाशी गप्पा मारत येते. तोवर ह्या उभ्या. बाईजा अशी किती जणांच्या चिखलात रोपं हातात धरून उभी राहिली आणि नवशाने ते बांधावर बसून पाहिलं. एकदा तो मला म्हणाला, "काका, आयच्या हातनं एकदा तरी पहिली मूठ लावायची हाय. आपल्या शेतात."

शेत करायचं तर माळावर माती हवी. माती गावतळ्यात होती, वर्षानुवर्षं साचलेला काळा गाळ. ग्रामपंचायत जेसीबी लावणार होती. ज्याच्याकडे गाडी असेल त्याने गाळ न्यावा, असं ठरलं होतं. नवशा शहापूरकडच्या खडीमशीनवर डंपर चालवायचा, म्हणून त्याच्या डोक्यात डंपरच आला. दुसऱ्या कोणाच्या आला असता तर आम्ही त्याला देवऋषाकडे नेला असता.

बघायला मलाही घेऊन गेला, कारण गाड्यांतलं मला कळतं! आटगावला हरेश नावाच्या गॅरेजवाल्याच्या मागच्या आवारात डंपर उभा होता. हौद्यात जुनी माती तशीच राहिली होती आणि तिच्यात टाकळा माजला होता. मी म्हटलं, "नवशा, हे भंगार आहे. घरी चल." तो गाडीखाली शिरला, हातोडीने इथे तिथे ठोकत बराच वेळ पडून राहिला आणि केसांत गंज घेऊन बाहेर आला.

"काका, हाडं शाबूत हायेत. बाकीचं मी बघतो." मग हौद्यातला टाकळा दाखवून हसला. "आन् बघा, ह्याच्यात रान उगवतं. आपल्याच कामाचा हाय."

हरेश म्हणाला, "शेतीला डंपर? परत आणाल तेव्हा काट्यावर घालून वजनावर घेईन हां."

डंपर विकत घेऊन येताना किन्हवलीला रेडिएटर उकळला आणि सरळगावला सायलेन्सर गळून पडला. तो तारेने बांधून आम्ही जो आवाज करत पाड्यात शिरलो, त्याने गुरं दावी तोडून पळाली.

पुढचे काही महिने नवशा खडीमशीनवरून आला की डंपरखाली. पाटे बदलले, ब्रेक बसवले, हौद्याच्या मागच्या फाळक्याला नव्या कड्या लावल्या. बॅटरी काही जीव धरेना, म्हणून गाडी माझ्या घराच्या वरच्या उतारावर उभी असायची आणि रोज सकाळी घरंगळवत सुरू व्हायची. सगळा धूर माझ्या पडवीत. मी भांडायला बाहेर यायचो आणि ढकलायला हात लावून परत जायचो.

बाईजा आधी त्या धुडावर चिडली होती. मग तिने त्याला कुंकू लावलं आणि ते घरचं झालं. घरचं म्हटलं की बाईजाचं औषध आलंच. मोहाच्या बियांचं तेल ती घरी काढून ठेवते. फुटलेल्या टाचांना तेच, कुरकुरणाऱ्या दाराला तेच, पूर्वी बैलगाडीच्या आसाला तेच आणि रडणाऱ्या पोराच्या टाळूलाही तेच.

माघातल्या कडाक्याच्या थंडीत जेसीबी आला. पहिल्या दिवशी डंपर गाळ भरून माळावर गेला, नवशाने दांडा ओढला, हौदा उचलणारा जॅक कण्हत कण्हत वर गेला आणि गाळ घसरून माळावर पडला. बाईजा त्या गाळात अनवाणी उभी राहिली. आमच्या सगळ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदा भरलेला, इंजिन बोंबलतंय आणि जॅक ढिम्म हलेना.

"पंप गेला," मी जाहीर केलं.

कोणी म्हणालं कोंबडं द्या. शेजारची ठमी म्हणाली नजर लागली. शेवटी फावडी घेऊन सगळ्यांनी हौदा हाताने रिकामा केला. तोवर तळ्यावर जेसीबी दुसऱ्यांचे ट्रॅक्टर भरत होता आणि आमचा गाळ लोकांच्या शेतात चालला होता. दुपारी नवशाने सहज दांडा ओढला तर हौदा मुकाट वर! तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. जेसीबी आठवडाअखेर पुढच्या गावाला जाणार होता. हरेशला कुठून कळलं कोण जाणे, त्याचा फोन आला, "मग काय, काटा तयार ठेवू?" नवशाने फोन कापला. बाईजा दारात बसून होती, तिला जेवण जाईना.

"काका," नवशा मला म्हणाला, "पंप गेला असता तर दुपारी पन गेलेलाच असता ना?"

मी फावडं उचलून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने जॅकच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडून बोट घातलं. बोटाला गोठलेल्या तुपासारखं पांढरट काहीतरी लागलं. त्याने वास घेतला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "आये! ह्या टाकीत तेल कोनी घातलं?"

"मी," बाईजा बाहेर आली. "पहिल्या दिशी कन्हत व्हता बिचारा. माझं गुडघं त्याच तेलानं बरं झालं. म्हनून डबा रिकामा केला."

थंडीत मोहाचं तेल थिजतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? दिव्यात घालण्याआधी ती रोज डबा चुलीपाशी ठेवते. पण लोखंडाच्या पोटातही ते थिजेल, हे तिच्या मनातच आलं नाही. दुपारी उन्हाने ते वितळायचं आणि जॅक चालायचा.

बाईजाचा चेहरा उतरला. "माझ्याच हातानं माझं शेत घालवलं का रे मी?"

नवशा मटकन खाली बसला. मला वाटलं आता हा रडणार. तो हसत होता, पोट धरून. "घालवलं कुठं गो? पंप चांगला हाय! काकांचा पंप गेला, आपला नाय!"

हे मी ऐकून घेतलं. मोटरसायकल काढून मुरबाडहून जॅकच्या तेलाचा डबाही मीच आणला. नवशाने टाकी रिकामी केली, नळ्या डिझेलने धुतल्या, जाळी घासली, नवं तेल भरलं.

पुढची सकाळ हातपाय आखडवणारी होती. सगळा पाडा माळावर जमला. नवशाने दांडा ओढला. हौदा उठला, उठतच गेला, फाळका खाडकन उघडला आणि काळाभोर गाळ धपकन माळावर आला. बाया ओरडल्या, मीही ओरडलो, माझ्या वयाला न शोभेलसं. मग उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत डंपर थांबला नाही. ट्रॅक्टरवाले कडेला होऊन त्याला वाट देत होते. जेसीबी गेला तेव्हा माळ काळा झाला होता.

हरेशचा पुन्हा फोन आला. नवशा म्हणाला, "काटा ठेव तयार, हरेशशेठ. भात मोजायला लागेल."

आषाढात आवणी आली. बाईजा ज्यांच्या आवणीला जायची, त्या सगळ्या बाया तिच्या आवणीला आल्या. नवशाने डंपरच्या हौद्यातून रोपांच्या जुड्या आणल्या. बाया ओळीने चिखलात उतरल्या. बाईजाही उतरली, ओळीच्या टोकाला, रोपं हातात धरून. आणि उभी राहिली.

सगळ्याच उभ्या राहिल्या. मी बांधावर ताटकळलो. शेवटी ठमी म्हणाली, "बाईजा, लाव की गो."

"मालकीन येऊ दे ना," बाईजा सहज बोलून गेली.

नवशा डंपरच्या पायरीवरून खाली उतरला आणि हळूच म्हणाला, "आये, मालकीन आली कधीच."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पायाखालच्या चिखलाकडे. मग ती वाकली आणि पहिली मूठ लावली. दुसरी लावली, तिसरी लावली. आणि वर न बघताच ओरडली, "उभ्या काय राहिल्या गो? लावा!"