मेंढ्यांच्या गोठ्यातलं रेडिओ शिबिर

वॉलनट फोर्ड या छोट्या गावात क्लेमंट लायकरला सगळे ओळखत, आणि तो बोलताना अडखळतो हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ओठ मिटून उच्चारायची अक्षरं तर त्याच्या तोंडात रुतूनच बसत. लहानपणी वर्गात हजेरी देतानाही त्याला घाम फुटायचा. वडील गव्हाचे शेतकरी, मुळातच अबोल, त्यामुळे घरी कुणाचं काही अडत नसे. आई म्हणायची, "ट्रॅक्टरला कुठे भाषण द्यायचंय तुला?"

पण क्लेमंटला लिहायचं होतं. सोळाव्या वर्षी तो विद्यापीठातल्या उन्हाळी पत्रकारिता शिबिराला गेला. नाव दिलं होतं वर्तमानपत्राच्या गटात. तिथल्या जागा भरल्या, म्हणून त्याला रेडिओत टाकलं. तो तडक शिबिर चालवणाऱ्या मिस कॉल्विनसमोर जाऊन उभा राहिला.

"मला ग-गट ब-ब-बदलून द्या."

"का?"

"ऐकताय ना तुम्ही?"

"ऐकतेय की. तुझं बोलून होईपर्यंत थांबलेसुद्धा. मी थांबले, तसे लोकही थांबतील."

गट काही बदलून मिळाला नाही. त्या आठवड्यात त्याला विद्यापीठाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका बाईची मुलाखत घ्यायची होती. प्रश्न अर्ध्यावर अडकला. बाई वाट बघत राहिली, मग हात पुसत आपणहून बोलू लागली. युद्धावरून न परतलेल्या धाकट्या भावाबद्दल. क्लेमंटने तिला भावाबद्दल विचारलंच नव्हतं, तो न्याहारीबद्दल विचारत होता. मिस कॉल्विननी ती टेप दोनदा ऐकली आणि एवढंच म्हणाल्या, "मधली शांतता कापू नकोस."

तिथून पुढे तो रेडिओचाच झाला. काही वर्षं गावच्या केंद्रावर बातम्या जमवल्या, मग हायस्कूलमध्ये इंग्रजी आणि रेडिओ शिकवायला लागला. दर उन्हाळ्यात पिवळ्या बसमध्ये मुलं कोंबून त्याच शिबिराला घेऊन जायचा. तो निवृत्त झाला त्याच वसंतात विद्यापीठातून फोन आला की शिबिर बंद करतोय, मुलं हल्ली येत नाहीत. क्लेमंटने फोन ठेवला आणि बायकोला, रोझेलाला, म्हणाला, "शिबिर इथेच घ्यायचं."

"इथे कुठे?"

"जत्रेच्या मैदानावर. मेंढ्यांचा गोठा आहे ना. जत्रा लागेपर्यंत रिकामाच असतो."

"मेंढ्यांना विचारलंस?" असं म्हणत रोझेला माळ्यावर गेली आणि तिने घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या खाली टाकल्या. त्या गोधड्या मेंढ्यांच्या कप्प्यांवर चहूबाजूंनी टांगून ध्वनिमुद्रणाची खोली तयार झाली. आत लोकरीचा वास होता आणि उकाडा मरणाचा, पण आवाज असा स्वच्छ यायचा की क्लेमंट खूश झाला.

शेतकऱ्यांची, दुकानदारांची मुलं आली. नोहेमी अहानेल मात्र पलीकडून आली. महामार्गापलीकडे चाकांवरच्या घरांची वस्ती होती. तिथली बहुतेक माणसं मांस कारखान्यात कामाला, मूळची ग्वाटेमालाची. नोहेमीची आईही कारखान्यातच होती. पोरगी लहानपणी इथे आलेली, हुशार, आणि पहिल्याच दिवशी अट घालून मोकळी.

"सर, मी आवाज कापीन, जोडीन, सगळं करीन. माईकवर बोलणार नाही. मी बोलले की लोक माझे उच्चार ऐकतात, म्हणणं तसंच राहतं."

क्लेमंटला यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण तो नुसता "बरं" म्हणाला.

प्रत्येकाने गावातली एक बातमी शोधायची होती. नोहेमी म्हणाली, "आमच्या वस्तीचा शाळेच्या बसचा थांबा बंद केलाय. मुलं महामार्ग ओलांडून जातात. ही बातमी होते का?"

"तुझ्या घरचं कोण जातं?"

"धाकटा भाऊ. सात वर्षांचा आहे. धान्याचे ट्रक असतात हो तिथे. आई कामावर गेलेली असते."

"मग थांबा ज्याने बंद केला त्याला जाऊन विचार."

"दुसरं कोणी विचारेल ना."

"दुसरं कोणी महामार्ग ओ-ओलांडत नाही."

शाळांचे अधीक्षक ड्वाइट हॅकबार्थ गोरेगोमटे, हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी नोहेमीला प्रेमाने बसवलं, इंग्रजी छान बोलतेस म्हणून कौतुक केलं, बसचे मार्ग नव्याने आखल्याचं सांगितलं आणि निरोप दिला. ती गोठ्यात परतली ती धुमसतच.

"पेपरमिंटची गोळी दिली मला त्यांनी. आणि बाकी काहीच दिलं नाही."

क्लेमंटला हसू आवरेना. "गोळी खाल्लीस?"

"खाल्ली."

"मग पुन्हा जा. आणि त्यांचं उत्तर संपलं की पुढचा प्रश्न विचारू नकोस. गप्प बस."

"किती वेळ?"

"तुला लाज वाटेपर्यंत. आणि मग आणखी थोडा."

दुसऱ्या खेपेला तो तिच्याबरोबर गेला आणि दाराजवळच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसला. नोहेमीने ध्वनिमुद्रणाचं यंत्र टेबलावर ठेवलं, चालू केल्याचं सांगितलं आणि विचारलं, "आमचाच थांबा का?"

हॅकबार्थनी मार्गांचं पुन्हा सांगितलं. ती गप्प. त्यांनी डिझेलचं सांगितलं. ती गप्पच. तिचे कान लाल झालेले क्लेमंटला मागून दिसत होते. त्यालाच मधे काहीतरी बोलावंसं वाटलं, पण त्याने टोपी घट्ट धरून ठेवली. हॅकबार्थनी पेन उचललं, खाली ठेवलं.

"खरं सांगू का बाळ? एक थांबा कमी करायचाच होता. बाकीच्या भागांतले पालक सभेत येऊन भांडतात. तुमच्या वस्तीतून कधी कोणी आलं नाही. त्यामुळे सोपं गेलं." मग त्यांचं लक्ष यंत्राकडे गेलं. "हे लावणार आहेस का?"

"हो, सर."

ते क्लेमंटकडे वळले. "क्लेम, हे तू शिकवलंस तिला?"

"हो," क्लेमंट म्हणाला.

शिबिराचा कार्यक्रम शनिवारी सकाळी गावच्या केंद्रावरून जायचा होता. केंद्राचा मालक व्हर्लिन स्ट्रोम म्हणजे क्लेमंटचा जुना सहकारी. त्याला बातमी पसंत पडली.

"फक्त निवेदन दुसऱ्या पोरीकडून करून घे. लोक ट्रॅक्टरवर ऐकतात रे, शब्द कळायला हवेत."

"मग क-कार्यक्रमच लावू नकोस."

"अख्खा?"

"अख्खा."

बोलून बसला खरा, पण परतताना त्याचं मन त्याला खाऊ लागलं. बाकीच्या पोरांनीही उन्हातान्हात राबून बातम्या केल्या होत्या. हा हट्ट नोहेमीसाठी होता की आपल्या स्वतःसाठी, हेही त्याला धड सांगता येईना. त्याने झालं ते तिला जसंच्या तसं सांगितलं.

"दुसरी कोणी वाचू दे ना, सर. बातमी गेल्याशी कारण."

"तुला वाचायचं नसेल तर तसं कर. पण व्हर्लिनला वाटतं म्हणून ना-नाही म्हणू नकोस. तुला वाटत असेल तरच म्हण."

तिने मेंढ्यांच्या कठड्यावर बसून आपली बातमी एकदा वाचून काढली. मग उठून गोधड्यांच्या आत गेली. बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती.

"हे ऐकवा त्यांना. कळत नसेल तर काय कळत नाही ते सांगू दे."

व्हर्लिनने ऐकलं. कुठला तरी एक शब्द नीट लागला नाही म्हणाला. पुन्हा ऐकलं. मग मान खाली घालून म्हणाला, "लागला. शनिवारी लावतो."

कार्यक्रमाने गावात बरीच कुजबुज झाली. कुणी नोहेमीला शाबासकी दिली, तर बियाण्यांच्या दुकानात एकाने क्लेमंटला सुनावलं, "पोरांना भांडणं लावायला शिकवतोस होय?" क्लेमंटने बियाणं घेतलं आणि निघून आला. खरी गंमत ऑगस्टमधल्या शाळा मंडळाच्या सभेत झाली. वस्तीतल्या आया कारखान्यातली पाळी संपवून तशाच, कामाचे बूट घालून आल्या. दिवाणखान्याएवढ्या त्या खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. नोहेमीची आई बोलायला उठली. ती तिच्या भाषेत बोलायची, नोहेमी इंग्रजीत सांगायची. मोजकी वाक्यं झाली आणि अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली. माणशी तीन मिनिटं, नियम सगळ्यांना सारखा.

क्लेमंट उभा राहिला. आयुष्यभर भर सभेत बोलायचं त्याने टाळलं होतं.

"भ-भाषांतराचा वेळ म... म... मो..."

शब्द रुतला. कुणीतरी खाकरलं. पुढच्या ओळीत बसलेली रोझेला वळूनसुद्धा बघेना, तिला नवऱ्याचा स्वभाव माहीत होता. घंटी पुन्हा वाजली.

"मोजू नका," त्याने वाक्य पुरं केलं. "आणि म-माझाही मोजू नका. तुम्ही घंटी वाजवा. मी उभा आहे."

अध्यक्षबाईंनी हॅकबार्थकडे पाहिलं. हॅकबार्थ पुटपुटले, "बोलू द्या हो त्यांना." घंटी बाजूला सरकली. त्या दिवशी सात आया बोलल्या, आणि प्रत्येकीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं गेलं.

लगेच काही झालं नाही. शाळा सुरू झाली आणि बस महामार्गाच्या अलीकडेच थांबत राहिली. विचार चालू आहे, असं उत्तर आलं. आया पुढच्या सभेला गेल्या, त्याच्या पुढच्याही सभेला गेल्या. तोवर रोज सकाळी क्लेमंट आणि रोझेला केशरी जाकिटं घालून महामार्गाच्या कडेला उभे राहायचे आणि ट्रक थांबवून मुलांना पलीकडे सोडायचे. ट्रकवाले भोंगे वाजवायचे. रोझेला त्यांना हात करायची, क्लेमंट ढिम्म उभा राहायचा. नोहेमी कुठलीही सभा चुकवत नसे, आणि प्रत्येक सभेची बातमी व्हर्लिनच्या केंद्रावर स्वतः वाचायची.

हिवाळ्याचं पहिलं बर्फ पडायच्या सुमारास बस वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबली. नोहेमीचा भाऊ सगळ्यांत आधी चढला आणि खिडकीजवळची जागा पटकावून बसला. क्लेमंटने केशरी जाकीट काढून घडी केलं. रोझेला म्हणाली, "आता तरी व्हरांड्यात बसशील?"

"म-मैदानवाल्यांना फोन करायचाय," तो गाडीत बसत म्हणाला. "गोठा पुढच्या जूनसाठी आत्ताच धरून ठेवायला हवा. उशीर केला तर डुकरांचा गोठा गळ्यात मारतील."