तुडतुड्यांच्या आधी जेवण

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या तीन शब्दांच्या प्रेमळपणापायी अख्खं दिघोरी गाव माझ्या पोटाच्या काळजीला लागलं. चहा घ्या, सांगते.

भंडाऱ्यात आमचं छोटंसं ऑफिस. काम काय, तर धानाचा सल्ला मोबाइलवर पाठवायचा. आधी तो मेसेजने जायचा, तोही घरच्या पुरुषाच्या फोनवर. रोवणी बाई करणार, निंदण बाई काढणार आणि धानावरच्या तुडतुड्या किडीचा मेसेज बघणार कोण, तर पानठेल्यावर बसलेला नवरा! म्हणून साहेबांच्या मागे लागून मी बायकांच्या फोनवर बोलता सल्ला सुरू करवला. दुपारी फोन वाजायचा, उचलला की माझं रेकॉर्डिंग. साहेबांनी बजावलं होतं, "हंगामभर बायकांनी ऐकलं तर ठीक, नाहीतर बंद."

सरकारी वाटू नये म्हणून सुरुवातीलाच मी लाडात म्हटलं, "काकू, जेवली का?" मग जरा थांबून सल्ला.

कोणी किती ऐकलं याचे आकडे बघून साहेब गार. पुरुष मेसेज उघडत नव्हते आणि बायका एकजात शेवटपर्यंत फोन कानाला लावून! मी तर ऑफिसात चालायचीसुद्धा सावकाश, लोकांना नीट बघता यावं म्हणून. साहेब म्हणाले, "चला दिघोरीला, काय जादू आहे ते बघू."

तिथे आमचा फोन ऐकणाऱ्या सुमनकाकूंच्या अंगणात बायका जमल्या होत्या. माझा आवाज ऐकताच काकूंनी माझा हात धरला. "हेच ते पोरगी. पाहा, कशी वाळली." बसायच्या आत पुढ्यात भाताचं ताट.

"काकू, मी जेवून आले."

"लाजू नोको. खाय."

ते संपेना तोच शेजारणीचं दुसरं आलं. साहेबांनी घसा साफ करून विचारलं, "फोनवर काय ऐकता तुम्ही?"

सुमनकाकू त्यांच्यावरच उखडल्या. "पोरगी रोज आमाले पुसते, जेवली का. आमी म्हनतो, हो, तू जेवली का? तर चूप. काहीच बोलत नाही. तुमी जेवाले सोडत नाही का तिले?"

"अहो, ते रेकॉर्डिंग आहे."

"असन. रेकार्डिंग करनारीले भूक लागत नाही का?"

"मग शेवटपर्यंत कशाला ऐकता?"

"आता सांगन, मंग सांगन म्हनून वाट पाहून राहतो ना."

"आणि तुडतुडे?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"ऐकलं ना. धानाच्या बुडात पाहा म्हने, पाहिलं, होते. बांधीतलं पानी काढलं. पन पोरगी उपाशी, त्याचं काय?"

परतताना साहेब रागाने गप्प आणि मी तिसऱ्या ताटाने. दुसऱ्याच दिवशी मी नवी सुरुवात रेकॉर्ड केली. "काकू, जेवली का? मी पण जेवली. आता ऐका."

त्या दुपारी आकडा धाडकन खाली. झाडून सगळ्यांनी दुसऱ्याच वाक्याला फोन ठेवला होता. मी लगेच सुमनकाकूंना फोन लावला.

"काकू, पुढचं ऐकलं काहून नाही?"

"तू जेवली ना? जीव थंडा झाला, ठेवला फोन."

साहेबांनी जुनीच सुरुवात लावायला सांगितली. सल्ला चालू आहे, माझी नोकरीही टिकली आहे, फक्त नोकरीसाठी मला दिघोरीत रोज उपाशी राहावं लागतं.