दोषी कोण?

रांझी मोहल्ल्यातून येणाऱ्या ताईला राग आला की आधी तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा आणि मग मराठी सुरू व्हायची. मदन महलच्या आमच्या ऑफिसात सगळा कारभार हिंदीत. मराठी आम्ही दोघीच. मालक माझ्याकडे बघून विचारायचे, "क्या बोल रही हैं?" मी म्हणायचे, "नाराज़ हैं, सर." याहून जास्त भाषांतर करण्यात कुणाचंच भलं नव्हतं.

आम्ही एक सॉफ्टवेअर बनवत होतो. प्रोग्रामच्या कुठल्या ओळीत कोणी, कधी बदल केला हे लक्षात ठेवणारं, आणि तेही हिंदीतलं. बटणांची नावं बघायचं काम ताईकडे. मालकांनी शब्दकोश पालथा घालून काढलेले भारदस्त शब्द ती एकेक करून उडवायची. बदल पक्का करायच्या बटणावर 'प्रतिबद्धता' होतं. "काहून? लग्न लावून राहिलो का आपण?" तिथे 'पक्का करें' आलं. दोघांचं काम एकत्र करायच्या बटणावर 'विलय'. "संस्थानं खालसा करून राहिले का हे?" तिथे 'मिलाएँ' आलं. "वाचणाऱ्याले थांबून विचार करा लागला तर शब्द चुकला," हे तिचं ठरलेलं वाक्य.

एका शब्दावर मात्र मालक अडून बसले. कुठल्याही ओळीवर क्लिक केलं की ती शेवटची कोणी बदलली त्याचं नाव दिसायचं, आणि नावाआधी लिहिलेलं असायचं 'दोषी'. ताई भडकली. "बदल करणं गुन्हा आहे का?" मालक म्हणाले, "विदेशी सॉफ्टवेअर में भी यही है, दीदी." ताई म्हणाली, "ते शेण खातील तर आपणही खायचं का?" मी म्हटलं, "नाराज़ हैं." तेवढ्यात कुणीतरी 'अंतिम स्पर्श' सुचवलं. ताई उभी राहिली. मग मुद्दाम हिंदीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून. "मेरे दादाजी के स्पर्श के बाद लोग कुआँ धोते थे. सीधा 'आख़िरी बदलाव' लिखिए ना."

मालक ऐकतील तर शपथ! "दोषी में वज़न है," म्हणाले. वजन म्हणे! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या वजनाखाली सापडले प्रकाशभैया. आमच्याच कांचघर मोहल्ल्यातले, खालमानेने काम करणारे, दोन मुली शाळेत. एका शाळेसाठी केलेल्या निकालाच्या प्रोग्राममध्ये गडबड झाली, नापास मुलं पास झाली. शाळावाले येऊन बसले. मालकांनी त्यांच्यासमोर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती चुकीची ओळ उघडली आणि क्लिक केलं. 'दोषी : प्रकाश'. झालं! अहो, भैयांनी त्या ओळीतली मोकळी जागा तेवढी सारखी केली होती. चूक त्याआधीची, नोकरी सोडून गेलेल्या कुणा दुसऱ्याची. ताई मागचे बदल उघडून दाखवत राहिली, पण बघतो कोण? शाळेचे गृहस्थ म्हणाले, "साफ़ तो लिखा है." संध्याकाळी भैयांना घरी पाठवलं ते कायमचंच.

ताई मालकांच्या केबिनमध्ये घुसली. "माणसाची भाकर खाल्ली तुमच्या शब्दानं! लाज नाही वाटून राहिली?" मालकांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. "क्या बोल रही हैं?" त्या दिवशी मी सगळं शब्दन् शब्द सांगितलं. वर माझ्या पदरचीही दोन वाक्यं घातली.

काही उपयोग झाला नाही. ताईने राजीनामा दिला. जायच्या दिवशी तिने 'दोषी' पुसून 'आख़िरी बदलाव' लिहिलं, पक्कं केलं आणि स्कूटी काढली. "चलो, येतो मी. तू भांडत राह्यजो," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या ते लक्षात आलं. तणतणत स्वतः बसले आणि स्वतःच्या हाताने तिथे पुन्हा 'दोषी' लिहिलं. ते जेवायला गेल्यावर मी आमच्या प्रोग्रामची तीच ओळ उघडली आणि क्लिक केलं. पडद्यावर आलं 'दोषी :' आणि पुढे मालकांचं आडनावासकट पूर्ण नाव.

मी तिथल्या तिथे ताईला फोन लावला. ती एवढी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "चला, एकदा तरी बरोबर नाव दाखवलं त्यानं!"

मग हसणं थांबलं. "भैयाले लागलं का कुठं काम?"

नव्हतं लागलं.