आतल्या बाजूची कडी

२० एप्रिल १९४९. आज दिवसभर राब रचला. भाताचं बी जिथं पेरायचं त्या तुकड्यावर शेण, ऐनाचे टहाळ, बांबूची कांडी, वाळका पातेरा आणि वर माती असे थर दिले. उद्या सकाळी वारा पडलेला असताना तो भाजायचा. नवरा वारल्यावर माहेरी आले, तेव्हापासून हे काम माझ्याकडेच आहे. यंदा फरक एवढाच की घरात गोविंदा नाही. माझा धाकटा भाऊ होळीच्या आधी न्यूमोनियानं गेला.

गोविंदा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता. तिथून तो आधी लष्कराच्या कुठल्याशा इस्पितळात आणि मग घरी आला. दोन दिवस विश्रांती घे, असं सांगून तिथल्या डॉक्टरनं त्याला पावसाळाभर कुलपात ठेवलं होतं... लढाईबद्दल तो काही बोलत नसे. सांगे ते त्या कुलपाचं, एवढंच. कामाला हात जोरदार, पण जवळ माणूस नको. जेवायला दाराकडे तोंड करून बसे, म्हणून मी दाराकडे पाठ करून बसायला लागले.

तो आल्यानंतरच्या उन्हाळ्यात गावानं राब भाजले. सगळीकडे धूर, आणि आगीत बांबूची पेरं फाटफाट फुटायला लागली. गोविंदा पळत सुटला तो कोरड्या ओढ्यात जाऊन पालथा पडला. आमच्या चुलत्यांना वाटलं, याला बाहेरची बाधा झाली. गावातले राब भाजून होईपर्यंत त्यांनी त्याला घरात घालून बाहेरून कडी लावली. पोरगं आगीत जाऊ नये, ही त्यांची काळजी खरी होती. पण दार खरवडून गोविंदाची नखं निघाली.

मी त्याला कर्जतला नेलं. तिथले डॉक्टर साध्या दवाखान्याचे, पण लढाईवरून आलेली माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांनी आपली खुर्ची गोविंदाला दिली, कारण तिथून दार दिसत होतं. तो तरीही उभाच राहिला.

"मला इस्पितळात धाडणार काय?"

"तुझ्या जिवावर बेतलं तर धाडीन."

"तिथं दाराला कडी कुठनं?"

"बाहेरून," डॉक्टर म्हणाले. "खोटं कशाला सांगू?"

गोविंदा खुर्चीत बसला.

पुढे तो आपणहून कर्जतला चालत जाई. तिथं काय बोले ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. परत आला की घरात पुन्हा गप्प. त्या संध्याकाळी मला घर फार मोठं वाटे.

पुढच्या राबाआधी डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "त्याला कोंडू नका. त्याला वाटलं तर तो स्वतःला कोंडून घेईल. कडी त्याच्या हातात असू दे." गोविंदानं त्याच दिवशी बाहेरची कडी उपटली आणि आतून ठोकली. चुलते माझ्यावर ओरडले, "त्यो येडा नाय गं, तूच येडी हायस!"

राबाच्या सकाळी तो आत गेला. मी ओटीवर दाराला पाठ लावून भाजी निवडत बसले. पेरं फुटायला लागली की आतून हाक येई, "बाय, हायस ना गं?"

"हाय रं. जाणार कुठं?"

धूर बसला तेव्हा कडी वाजली. घामानं भिजलेला गोविंदा बाहेर आला आणि म्हणाला, "भूक लागली." एवढंच.

यंदा ताप चढला तेव्हा तोच म्हणाला, "डाक्तरांकडं ने." दवाखान्यातलं दार आपोआप मिटायचं. डॉक्टरांनी त्यात आपली खुर्ची अडकवली आणि तिच्यावर बसून राहिले. पहाटे गोविंदा गेला, तेव्हा दार उघडं होतं.

आज चुलते नवी कडी घेऊन आले. "एकटी बाईमाणूस तू, शेतावर जाताना दाराला बाहेरनं कडी नको काय?" बोलणं रास्त होतं. मी कडी ठेवून घेतली.

२१ एप्रिल. सकाळी राब पेटवला आणि ओटीवर येऊन दाराला पाठ लावून बसले. बांबूचं पहिलं पेर फुटलं तेव्हा सवयीनं तोंडातून गेलं, "हाय रं." मग धूर बसेपर्यंत तिथंच बसले, भाजी निवडली, आणि उठून नवी कडी आतल्या बाजूला, त्याच्या कडीखाली ठोकली.