बिलाच्या खिडकीवरचं नाव

विजेचं बिल आलं की इमामबीच्या अंगात वारं शिरायचं. एरवी गुडघ्यावर हात टेकून "या अल्ला" म्हणत उठणारी बाई त्या दिवशी धुवट साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांच्या आधी दारात उभी! सून झीनत म्हणायची, "अम्मी, उन्हात कशाला जाता? मोबाईलवर भरते की मी, बसल्या जागी." यावर इमामबीचं उत्तर ठरलेलं. "तुजा मोबाईल तुज्याजवळ ठेव. पावती देतो का तो हातात?"

पावतीचं नुसतं निमित्त हो! बाईला एक अक्षर वाचता येत नाही, पावतीचं ती काय लोणचं घालणार होती? खरं कारण निराळंच होतं आणि ते शेजारच्या अंबुबाईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण मीटर अजून त्याच्याच नावावर होतं. विजापूर वेशीजवळच्या ज्या पतसंस्थेत बिलं भरली जातात, तिथल्या खिडकीवर बसणारे बापूसाहेब मोठ्या आवाजाचे. पावती तयार झाली की बिलावरचं नाव वाचून हाळी द्यायचे, "पीरसाब मकबूल मुजावर!" इमामबी "जी" म्हणून पुढं व्हायची. बस्स. तेवढं ऐकायला ती जायची.

आता तुम्ही म्हणाल, मग घरातच घ्यावं की नाव, कुणी तोंड धरलंय? अहो, कसं घेणार! निकाह झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही. तिच्या आईनं काढलं नाही, सासूनं काढलं नाही, मग ही कशी काढेल? तो होता तेव्हा "अवो, ऐकलं का", पोरगा झाल्यावर "आरिफचे अब्बा". घरातले सगळे त्याला अब्बाच म्हणणार. त्याचे दोस्त होते, तेही एकेक करून गेले. मग त्या माणसाचं नाव घेणारं राहिलं कोण? साऱ्या सोलापुरात एकटे बापूसाहेब!

पीरसाब टेम्पो चालवायचा. कारखान्यातल्या चादरी स्टेशनवर पोचवायच्या, हा त्याचा धंदा. घरात आधी मागच्या घरातून ओढलेली एक वायर आणि तिच्यावर एक बल्ब. तिथल्या बाईचं डोकं फिरलं की हिच्या घरात अंधार. शेवटी त्यानं वीज कचेरीत हेलपाटे घालून स्वतःचं मीटर बसवलं. पहिलं बिल आलं, तेव्हा हा पठ्ठ्या ते हातात धरून बोळभर हिंडला. "बघा, माजं नाव छापून आलंय!" लोक बिल बघून तोंड वाकडं करतात, यानं जिलेबी वाटली. येडाच होता. इमामबीला तो लई आवडायचा, पण हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही. तेवढं राहून गेलं.

यंदा उन्हाळ्यात आरिफनं विषय काढला. तो ट्रक चालवतो, महिन्यातले थोडेच दिवस घरी असतो. "अम्मी, मीटर आता माज्या नावावर करून घेऊ. तुजी संमती लागती." इमामबीनं हातातला घास ताटात टाकला. "मी मेल्यावर कर काय करायचं ते!" म्हणाली आणि उठून गेली. आरिफ बायकोच्या तोंडाकडं बघत बसला. काय चुकलं, ते बिचाऱ्याला कळेना.

त्यात झीनतनं भलं करायला म्हणून कागदी बिल बंद करून घेतलं. बिलात थोडी सूट मिळते म्हणे. आता बिल नुसतं मोबाईलवर. इमामबी चिडली, दोन दिवस सुनेशी बोलली नाही. मग झीनतनंच एका चिठ्ठीवर ग्राहक क्रमांक लिहून दिला. "जावा अम्मी, खिडकीवर हा नंबर दाखवा. पण आज शेवटची तारीख हाय. जमलं न्हाय तर मी मोबाईलवर भरून टाकणार, आन् पुढंबी तसंच." इमामबी चिठ्ठी मुठीत धरून अंबुबाईला घेऊन निघाली.

खिडकीवर बापूसाहेब नव्हते! मुलाकडं राहायला पुण्याला गेले, असं रांगेतल्या कुणी सांगितलं. त्यांच्या जागी सृष्टी नावाची तरणी पोर बसलेली. तिनं चिठ्ठीवरचा नंबर टाकला आणि विचारलं, "नाव काय, आजी?"

"वाच की बाई तूच. तुज्या समोर हाय."

"माझ्या समोर आहे, पण तुम्ही सांगायला पाहिजे. परवा एकाचं बिल दुसऱ्याच्या खात्यावर गेलं, बोलणी मी खाल्ली."

"आरिफचे अब्बा," इमामबी म्हणाली.

"असं नाव असतं का, आजी? नवऱ्याचं नाव सांगा."

इमामबी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मागं रांग कुरकुरायला लागली. अंबुबाई पुढं झाली, "मी सांगते," म्हणाली, तर इमामबीनं तिचा दंड धरला. का धरला, ते तिला तरी कुठं कळलं! रांगेतली एक बाई हसून म्हणाली, "मावशी, लाजता काय एवढं? उखाणा घ्या की!"

"गप गं!" अंबुबाई कडाडली. "मालक न्हाईत तिचे."

त्या बाईनं जीभ चावली. सृष्टी खाली मान घालून म्हणाली, "राहू द्या आजी, भरते मी."

पण इमामबी हलली नाही. हाळी देणारे बापूसाहेब गेले; आज जर नाव न घेताच भरलं, तर ते मोबाईलमध्येच बसून राहणार आणि पुन्हा ऐकू येणार नाही, एवढं तिला पक्कं कळत होतं. शेजारपाजारच्या लग्नांत तिनं जन्मभर उखाणे ऐकले होते, कोपऱ्यात बसून, स्वतः कधी न घेता. तिनं पदर सावरला. खिडकीची कड धरली.

"चादरी भरल्या टेम्पोत, मीटर बसवलं दारात,
पीरसाबांचं नाव घेते, उजेड त्यांचा घरात."

अंबुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सृष्टीनं पडद्यावर बघून मोठ्यानं वाचलं, "पीरसाब मकबूल मुजावर. बरोबर?"

"व्हय बाई. बरोबर." पावती घेऊन इमामबी बाजूला झाली. ती हसत होती. वाटेत तिनं अंबुबाईला दोनदा विचारलं, "ऐकू आलं न्हवं गं सगळ्यांना?"

पुढच्या आठवड्यात आरिफ घरी आला. तिन्हीसांजेला चहा झाल्यावर इमामबी आपण होऊन म्हणाली, "ते मीटर करून टाक तुज्या नावावर."

आरिफनं झीनतकडं बघितलं. ती खांदे उडवून हसली. पुन्हा आईचं मन फिरायला नको म्हणून त्यानं लगेच मोबाईल काढला आणि अर्ज भरायला लागला. टाइप करता करता स्वतःशीच पुटपुटला, "आधीच्या ग्राहकाचं नाव..."

"पीरसाब मकबूल मुजावर," इमामबी म्हणाली.

आरिफचं बोट थांबलं. तो हळूच मान वर करून आईकडं बघायला लागला. या घरात तो लहानाचा मोठा झाला, डोक्यावरचे केस पिकायला आले, पण आईच्या तोंडून बापाचं नाव त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

"अम्मी," तो म्हणाला, "परत एकदा म्हण की."

"हट्! फुकट हाय का? पुढचं बिल आलं की म्हणीन," इमामबी म्हणाली आणि दिवा लावायला उठली.