तिच्या वाट्याची प्रार्थना

शांती नगरला राहायला आलो तेव्हा आमच्या मजल्यावर ख्रिस्ती घर आमचं एकच. संध्याकाळी आम्ही नवरा-बायको क्रुसासमोर बसून रोझरीची माळ म्हणायचो. प्रत्येक मण्यावर ‘नमो मारिया’ या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग मी म्हणायचा, उरलेला तिने. डोंगरी गावात तिच्या माहेरी हीच पद्धत होती, आमच्याकडेही हीच.

नव्वद सालच्या सुमारास तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी हिशेबाच्या कामातला माणूस. डॉक्टरांना विचारलं, "बोलायला लागण्याची शक्यता किती टक्के?"

"टक्के कसले धरताय? वाट बघा."

वाट बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं.

घरी आणल्यावर मी खाटेशेजारी बसून दोन्ही भाग स्वतःच म्हणू लागलो. माळ पुरी व्हावी, एकही मणी सुटू नये, एवढंच डोक्यात. ती डाव्या हाताने चादर ओढायची, तोंड भिंतीकडे फिरवायची. मला वाटायचं, काही दुखतंय. उशी बदलायचो, पाणी पाजायचो. तिचा राग जाईना. हिला प्रार्थनाही नकोशी झाली असेल तर आता उरलं काय, असं मनात यायचं.

एका रविवारी तिची धाकटी बहीण डोंगरीहून सुकी मासळी घेऊन आली. संध्याकाळी माळेला बसली आणि तिसऱ्या-चौथ्या मण्यालाच तिने मला अडवलं.

"भावजी, जेवताना बी तिचा वाटा तुमीच खाता काय?"

"म्हणजे?"

"अर्धी तिची हाय ना? मंग तिला म्हनू द्या की."

"अगं, तिला बोलता येत नाही."

"तुमाला ऐकू येत न्हाय. देवाला येतंय ना?"

तिने माळेचं दुसरं टोक बहिणीच्या डाव्या हातात दिलं. मी माझा भाग म्हटला आणि थांबलो. शेजारी कुकरची शिट्टी झाली. बायकोने डोळे मिटले. ओठ हलले नाहीत. थोड्या वेळाने तिचं बोट पुढच्या मण्यावर सरकलं, तेव्हा मी पुढचा म्हटला.

तिची वाचा शेवटपर्यंत परत आली नाही. डॉक्टर बदलले, मालिशवाला आणला, नवस बोललो. तिला तहान लागलीय की भूक, हे मी अंदाजाने ठरवायचो आणि पुष्कळदा चुकायचो. चुकलो की ती रडायची आणि मी नुसता बघत राहायचो.

माळेच्या वेळी मात्र अंदाज करावा लागत नसे. मी थांबायचो, ती म्हणायची, आणि देव त्या खोलीतच बसून ऐकत असायचा. तेवढ्याने माझं समाधान झालं, असं मी म्हणणार नाही. तिचा आवाज एकदा तरी कानावर पडावा, असं रोज वाटायचं. पण तिचं ऐकणारं कुणीच उरलं नाही, ही भीती मात्र गेली.