क्लचला एक दिवस बसू दे

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "ये बाई, तुझा भाऊ गेला." पोरांना शेजारच्या वर्गात बसवलं, गाडीत बसले आणि सावलीहून बल्लारपूरला निघाले. वाटेत डोकं कुठेच लागत नव्हतं, पण हात-पाय आपलं काम करत होते. क्लच, गिअर, क्लच, गिअर… मूलच्या पुढच्या जंगलात तर मनात आलं, आता पोचल्या पोचल्या भाऊ पहिला प्रश्न तोच विचारणार, "क्लच कसा हाय?" आणि मग आठवलं की आज विचारणार नाही. गाडी बाजूला घेतली, पाणी प्यायले, पुढे गेले.

भाऊ, म्हणजे देवाजी, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. बाबा लवकर गेले, त्यामुळे माझं डी.एड. त्याच्याच पगारावर झालं. पुढे माझी बदली धानोऱ्यापलीकडच्या शाळेत झाली. जाणारी बस एक, तीही आली तर आली. मी रडकुंडीला आले होते. भाऊनं कुठून तरी एक जुनी व्हॅन शोधून आणली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "रडून राह्यली काय? चालव." पहिल्याच दिवशी मी कुंपण पाडलं. तो हसला नाही. कुंपण बांधून दिलं आणि परत बसवलं.

क्लच शिकता शिकता मी क्लचप्लेटच जाळली. गॅरेजात न्यायचं मी म्हटलं तर भाऊला ते अपमानासारखं लागलं. एका रविवारी अंगणातच सागाच्या ठोकळ्यांवर गाडी चढवली आणि तो खाली शिरला. मी नुसती बघायला उभी होते, पण त्याला नुसता बघणारा माणूस सहन होत नसे. मलाही खाली घेतलं. या गाडीत मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा काढला की गिअरबॉक्सच्या शेपटातून तेल गळतं, म्हणून ते आधी काढून घ्यायचं. मी उत्साहात खालच्या बुचाला पाना लावला, तर ओरडलाच माझ्यावर. "थांब न! भरायचं बूच पहिले सैल कर. ते जाम असलं अन् तेल काढून बसली, तं भरशील कुठून?" ते मला आयुष्यभर पुरलं. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी मी आता तेच बघते, परत भरायची सोय आहे ना.

तेलाच्या बाबतीत तो फार कडक. माझ्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, डोळ्यांवर आपला जुना चष्मा चढवला. काळं, दाट तेल घमेल्यात उतरलं आणि सरकताना माझी लाथ घमेल्याला लागली. अर्धं तेल अंगणात! आता शिव्या बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. तो धानाचा कोंडा घेऊन आला, सगळ्यावर पसरला, मुरल्यावर मातीसकट खरवडून पोत्यात भरला. मी म्हटलं, "राहू दे ना भाऊ, पाऊस आला की जाईल वाहून." तेव्हा मात्र चिडला. "कुठी जाईल वाहून? बोडीत. अन् बोडीतली मासळी कोण खाते? तूच खातं न?" घमेल्यात उरलेलं तेल त्यानं डब्यात भरलं. शेजारच्यांनी ते वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना चोपडायला नेलं. नवं तेल मात्र त्यानं स्वतः भरलं, होळीच्या पितळी पिचकारीनं. भोकातून तेल बाहेर ओघळायला लागलं की भरलं, मग बूच लावायचं. दिवसभराच्या कष्टानं पाठ धरली होती, तरी तो जेवताना असा खूश होता की जणू घरात लग्न आहे.

त्यानंतर क्लच आणखी एकदा बदलला, तोही अंगणातच. तिसऱ्यांदा काम निघालं ते दोन वर्षांपूर्वी. भाऊ सत्तरीला टेकला होता. तोवर वहिनीनं मला हळूच सांगितलं होतं की ते चहा पिऊन परत चहा मागतात, नातवाला भलत्याच नावानं हाक मारतात. मी गॅरेजचं नाव काढलं, तर म्हणाला, "माझे हात काय तुटले?" मग शनिवारी पहिल्या बसनं सावलीला हजर. हात खरंच तसेच होते. तेल काढलं, गिअरबॉक्स जॅकवर फळी ठेवून अलगद उतरवला, नवी प्लेट बसवली. मधे मी स्वयंपाक करायला आत गेले. बाहेर आले तर तो हात धुऊन खाटेवर बसलेला. "झालं बाई. आता दहा वर्षं पाहू नको." पोटभर भात-मासळी जेवला आणि चारच्या बसनं गेला.

तो गेल्यावर झाडू मारताना दाराआड तेलाचा नवा डबा दिसला… सीलबंद. मी तो हलवून पाहिला, उगाचच. गाडीखाली जाऊन बूच उघडलं, बोट घातलं, कोरडं. भाऊ विसरला होता. माझा भाऊ, ज्यानं मला बुचांचा क्रम शिकवला, तो तेल भरायला विसरला होता. मला भीती वाटली, गाडीची नाही, त्याची. हे त्याला कळलं तर तो परत पान्याला हात लावणार नाही, एवढं मला ठाऊक होतं. उजेड होता तोवर मी पिचकारी काढली आणि तेल भरलं. अर्धं माझ्या कोपरावरून गळ्यात आलं. भोकातून ओघळलं तसं बूच घट्ट केलं आणि तिथेच पडल्या पडल्या रडले.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "बाई, उद्या गाडी काढू नको. क्लचले एक दिवस बसू दे." असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. पण म्हटलं, "हो भाऊ, नाही काढत." रविवारी वंदनेला विहारात चालतच गेले.

पुढे त्यानं कुठल्याच गाडीला हात लावला नाही. गुडघे दुखतात म्हणायचा. मी मानलं. फोनवर मात्र दर वेळी, "क्लच कसा हाय?" आणि मी, "एकदम झकास. तुझ्या हातचा आहे." आपण त्याची लाज राखली, असं मनाशी म्हणत मी दोन वर्षं काढली.

भाऊच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन दोनेक आठवडे झाले असतील. वहिनीकडे गेले होते. बोलता बोलता क्लचचा विषय निघाला आणि ती सहज म्हणाली, "तुले मालूम नाई? दुसऱ्या दिवशी ते सावलीले आले होते न!"

"कोण?"

"तुझा भाऊ. सांजच्याले त्याइले याद आली, तेल नाई भरलं म्हून. कसे तरी झाले होते. तुले फोन लावला, मंग पहाटेच डबा घेऊन बसनं निघाले. तू विहारात गेली होतीस. गाडीखाली शिरले, बूच खोललं, तं तेल भरेल होतं. तुले न भेटता वापस आले."

मी विचारलं, "रागावला होता?"

"रागावतीन कायले? हसून राह्यले होते. मंग डोळ्यातून पाणी. मी म्हटलं, बाईले फोन लावा. तं म्हणे, नको. तिनं मले सांगतलं नाई, मी तिले काऊन सांगू?"

वहिनी उठली, वाकून खाटेखालून एक लोखंडी पेटी ओढली आणि उघडली. एकेक पाना घासलेला, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावलेला.

"त्याच दिवशी बसून हे सारं साफ केलं त्याइनं. मंग कधी उघडली नाई. कोणी मागाले आलं तं म्हणत, हे बाईची हाय. तिले येते आता."

सत्तर किलोमीटर येऊन, मला न भेटता, सत्तर किलोमीटर परत. आणि मी समजत होते की मी त्याला फसवलं. आता एवढंच वाटतं, त्या रविवारी मी विहारातून जरा लवकर घरी यायला हवं होतं. गाडीखालून त्याचे पाय दिसले असते. मी काही बोलले नसते. चहा ठेवला असता.